अनुभव आणि उतारा

औषधाने गुण आला की रोगी 'बरे वाटते' एवढेच म्हणतो आणि वैद्यालाही त्याहून अधिक काही नको असते. हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या पिळून काढलेल्या आमच्या बालाघाट-बैहरच्या पट्ट्यात कुनैन घेतले नाही असे जुने घर क्वचितच सापडेल. पण कुनैन घेताना कोणाला काय अनुभव आला, हे कोणी विचारले नाही व कोणी लिहूनही ठेवले नाही. ते कडू होते आणि कानांत गुणगुणत असे, यापलीकडे कुनैनचे वाङ्मय नाही. त्याची गरजही नव्हती. रोग्याच्या मनात काय चालले आहे याची चौकशी न करता औषध आपले काम करीत होते.

गेल्या वीसेक वर्षांत मात्र वैद्यकाच्या उंबरठ्यावर असा एक उपचार येऊन उभा राहिला आहे, की त्यात रोग्याने काय पाहिले, काय ऐकले आणि नंतर ते कसे सांगितले, हा जणू औषधाचाच एक भाग ठरतो. सायलोसायबिन हे काही जातींच्या अळंब्यांत सापडणारे द्रव्य. नैराश्याच्या ज्या रोग्यांना नेहमीच्या गोळ्यांनी उतार पडत नाही, अशांना ते संशोधनाच्या चौकटीत मोजून, पूर्ण मात्रा म्हणजे बहुधा २५ मिलिग्रॅम, एकदा किंवा दोनदा देतात. रोगी पलंगावर पडून असतो. डोळ्यांवर पट्टी, कानांत संगीत आणि शेजारी दोन प्रशिक्षित सोबती. पाच-सहा तासांनी अंमल ओसरतो. त्याआधी विश्वास जुळावा म्हणून काही भेटी झालेल्या असतात आणि नंतरही भेटी होतात, त्या जे दिसले त्याचा अर्थ लावण्यासाठी. म्हणजे औषध एका दिवसाचे आणि बोलणे अनेक दिवसांचे.

आम्ही वैद्य नाही. हा उपचार घ्यावा की न घ्यावा, हे सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही, आणि भारतात तो प्रश्न तूर्त उद्भवतही नाही; १९८५च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या सूचीत सायलोसायबिन, एलएसडी आणि मेस्कलिन ही तिन्ही द्रव्ये आहेत. परंतु रोग्यांनी या अनुभवाची जी कथने केली आहेत, ती आता छापली जातात, वाचली जातात आणि त्यांच्या बळावर मते बनतात. कथन आले की वाचकाचे काम सुरू होते. ही कथने वाङ्मयाच्या वाचकाने वाचावीत तशी वाचली तर काय हाती लागते, एवढेच आम्हांला पाहावयाचे आहे.

या द्रव्यांच्या बाबतीत साक्ष आधी आणि शास्त्र मागाहून असाच क्रम बहुधा राहिला आहे. १९५३ साली हम्फ्री ऑस्मंड या मनोविकारतज्ज्ञाने ऑल्डस हक्सले यांना मेस्कलिन दिले आणि पुढल्याच वर्षी हक्सलेंचे 'द डोअर्स ऑफ पर्सेप्शन' हे छोटे पुस्तक निघाले. 'सायकेडेलिक' हा शब्दही ऑस्मंड यांचाच. त्याचा अर्थ मन प्रकट करणारे. १९५५ साली गॉर्डन वॉसन हा अमेरिकन बँकर मेक्सिकोच्या डोंगरात मारिया साबिना या वैदूबाईच्या रात्रीच्या विधीस बसला, १९५७ मध्ये त्याचा लेख 'लाइफ' साप्ताहिकात आला आणि १९५८ मध्ये आल्बर्ट हॉफमन यांनी त्या अळंबीतून सायलोसायबिन वेगळे काढले. मारिया साबिना हिच्या विधीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तिथे गाणारी, बोलणारी, नावे घेणारी ती स्वतः असे. रोग्याने येऊन आपल्या मनाचे वर्णन करावे अशी अपेक्षा नव्हती. परक्यांची रीघ लागल्यावर अळंबीतले सामर्थ्य गेले, असे ती पुढे म्हणाली. रोगी बोलतो आणि वैद्य ऐकतो, ही नव्या उपचाराची मांडणी आहे, आणि ती अळंबीइतकी जुनी नाही.

हक्सलेंच्या पुस्तकाला जे उत्तर मिळाले तेही इथे सांगितले पाहिजे. ऑक्सफर्डचे प्राध्यापक आर. सी. झेनर हे पौर्वात्य धर्मांचे अभ्यासक. त्यांनी स्वतः मेस्कलिन घेऊन पाहिले आणि १९५७ साली एक ग्रंथ लिहून हक्सलेंचा दावा खोडून काढण्याचा प्रयत्न केला. निसर्गाशी एकरूप झाल्याची भावना ही एक गोष्ट आणि ईश्वराशी जवळीक ही दुसरी, औषधाने पहिली कदाचित मिळेल, दुसरी नाही, असे त्यांचे म्हणणे. वादात कोणाची बाजू खरी, हा भाग निराळा. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की द्रव्य एकच असता हक्सले गेले ते चित्रकलेच्या आणि वेदान्ताच्या वाचनासह, झेनर गेले ते कॅथलिक श्रद्धेसह, आणि दोघांनाही आपापल्या घरचेच सापडले.

आता रोग्यांकडे वळू. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये २०१६ साली १२ रोग्यांवरचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन औषधे घेऊनही ज्यांचे नैराश्य हटले नव्हते असे हे रोगी. एका आठवड्यानंतर १२ पैकी ८ जणांची लक्षणे गेली होती. तीन महिन्यांनी तशी स्थिती ५ जणांची राहिली. पुढे रोग्यांची संख्या २० झाली आणि रोझलिंड वॉट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा महिन्यांनंतर या वीसही जणांच्या मुलाखती घेऊन २०१७ साली एक निबंध छापला. आमच्या या लेखाचा खरा विषय तो निबंध आहे.

त्यातील निष्कर्ष दोन वाक्यांत सांगता येतात. रोगी आधी स्वतःपासून, माणसांपासून आणि जगापासून तुटलेले होते, ते पुन्हा जोडले गेले. आणि दुःख टाळण्याची जी सवय लागली होती, तिच्या जागी दुःख अंगावर घेण्याची तयारी आली. बऱ्याच जणांनी असेही सांगितले, की आधीच्या गोळ्यांनी आणि काही वेळा बोलण्याच्या उपचारांनीही ते तुटलेपण वाढवलेच होते. हे वाचताना आम्ही थबकलो. नैराश्य म्हणजे फार दुःख होणे, अशी आपली ढोबळ समजूत. हे रोगी सांगत होते ते वेगळेच. त्यांना दुःख होत नव्हते, ही त्यांची तक्रार होती. त्या पलंगावर कित्येक वर्षांनी रडू आले, मेलेल्या माणसाचे दुःख आता झाले, आणि ते झाल्यावर सुटल्यासारखे वाटले, अशा आशयाची कथने त्यात आहेत. 'विषाद' आणि 'दुःख' हे दोन शब्द आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. अर्जुनाच्या विषादात रडणेही आहे हे खरे, पण त्याचे मुख्य लक्षण गात्रे गळणे आणि धनुष्य हातून निसटणे हे आहे. कर्तेपण जाणे, हा विषाद. लंडनच्या रोग्यांनी हा फरक शास्त्रज्ञांपेक्षा चांगला सांगितला असे आमचे मत झाले.

त्यांच्या उपमांबद्दल मात्र आम्ही इतके समाधानी नाही. काहींनी मेंदू संगणकासारखा बंद करून पुन्हा सुरू झाला असे म्हटले. काहींनी संगणकात विस्कळीत पडलेली माहिती एकसलग लावून घेतात तसे झाले असे सांगितले. ही उपमा इतकी गाजली, की शास्त्रज्ञांनीही ती उचलली. आमच्या मते ती या सगळ्या कथनांतली सर्वांत दुबळी उपमा. संगणक पुन्हा सुरू झाला की त्याला आपण बंद पडलो होतो याची आठवण नसते. रोग्याला असते, आणि त्या आठवणीसह जगणे हेच त्याचे पुढचे काम असते. दुसरी उपमा अंधाऱ्या घरात दिवा लागल्याची. ती साधी आहे, जुनी आहे, आणि तरीही जिवंत आहे, कारण दिवा लागला म्हणून घर बदलत नाही. सामान तेच, भिंतीवरची ओल तीच, फक्त ती आता दिसते. तिसरी उपमा डोळ्यांवरचा पडदा गळून पडल्याची. तिच्यावर आम्ही अधिक बोलणार नाही. सगळ्या धर्मांच्या वाङ्मयातून ती इतकी फिरली आहे की कोणत्या रोग्याची ती स्वतःची आणि कोणत्याची उसनी, हे ओळखणे कठीण.

उसनेपणाचा हा मुद्दा जरा खोलात जाऊन पाहण्याजोगा आहे. या प्रयोगांत रोग्यांना पुष्कळदा एक ३० प्रश्नांची पत्रिका भरून द्यावी लागते. काळाचे भान हरपले काय, सर्व एक आहे असे वाटले काय, अनुभव शब्दांत सांगता येत नाही असे वाटते काय, अशा धर्तीचे प्रश्न. ही पत्रिका आली कुठून? तिची मुळे वॉल्टर पान्के याच्या १९६०च्या दशकातील कामात आहेत, आणि पान्केने आपली लक्षणे घेतली ती मुख्यतः डब्ल्यू. टी. स्टेस या तत्त्वज्ञाच्या १९६० सालच्या ग्रंथावरून. स्टेस हे कधीकाळी सिलोनच्या मुलकी सेवेत होते आणि अंतर्मुख साक्षात्काराचा नमुना म्हणून त्यांनी माण्डूक्य उपनिषदाचा आधार घेतलेला आहे. म्हणजे उपनिषदातला विचार सिलोनहून आलेल्या इंग्रजाच्या ग्रंथात, तिथून बोस्टनच्या प्रबंधात, तिथून प्रश्नपत्रिकेत आणि तिथून एखाद्या रोग्याच्या तोंडी. आणि मग आपल्याकडचे काही उत्साही लोक आनंदाने म्हणतात, पाहा, पाश्चात्त्य रोग्यालाही उपनिषदच दिसले! पत्रिकेने जे विचारले तेच उत्तरात आले, यात नवल कसले?

पण हसण्याआधी आपणही आपल्या घरात पाहावे. गुरुदेव रामचंद्र दत्तात्रय रानडे यांचा महाराष्ट्रातील संतांच्या गूढवादावरील इंग्रजी ग्रंथ १९३३ साली पुण्याहून निघाला. संतांच्या अभंगांतून प्रकाश, नाद, रंग यांचे अनुभव वेचून त्यांची संगती लावणारा इतका साक्षेपी अभ्यास त्यापूर्वी कोणी केला नव्हता, आणि आमच्या पिढीतील अनेकांच्या घरी रानड्यांची 'तुकारामवचनामृता'ची प्रत असेलच. तथापि तुकोबांच्या चरित्राची मांडणी करताना रानड्यांनी जो साचा वापरला, तो ख्रिस्ती संतांच्या 'आत्म्याच्या काळरात्री'चा होता. आधी काळोख, मग प्रकाश. तुकोबांच्या गाथेचा क्रम मात्र कोणाला निश्चित सांगता येत नाही. व्याकुळतेचे अभंग सगळे आधीचे आणि कृतार्थतेचे सगळे नंतरचे, हे आपण ठरवतो, कारण आपल्याला तसे आवडते. गाथा उघडली तर एकाच पानावर दोन्ही शेजारी शेजारी बसलेले सापडतात. रानड्यांविषयीच्या आदराला बाध न आणता म्हणावे लागते, की इथे साचा कवीपेक्षा मोठा झाला.

हाच साचा नव्या कथनांवरही बसतो आहे, हे आमचे मुख्य म्हणणे. 'आधी तुटलेलो, नंतर जुळलो' हे वाक्य फार लवकर पूर्ण होते. त्यात न बसणारे काय होते, ते कुठे गेले, हे वाचकाने विचारले पाहिजे. याचे एक बोलके उदाहरण इतिहासात आहे. १९६२च्या गुड फ्रायडेला बोस्टन विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरात पान्केने धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना सायलोसायबिन दिले. त्यांपैकी बहुतेकांना मोठा धार्मिक अनुभव आला, आणि ही कथा पुढे तीस वर्षे सांगितली गेली. १९९१ साली रिक डोब्लिन यांनी त्या विद्यार्थ्यांचा पुन्हा शोध घेऊन जे लिहिले त्यातून बाहेर आले, की त्या दिवशी एक जण इतका अनावर झाला होता की त्याला शांत करण्यासाठी सुई टोचावी लागली. पान्केच्या प्रबंधात या गोष्टीचा उल्लेख नव्हता. इतरांचे अनुभव खोटे होते असे यातून मुळीच सिद्ध होत नाही. डोब्लिन यांना तर ते बहुतांशी टिकून राहिलेलेच आढळले. पण जो दहावा भाग गाळला गेला तो आज नैराश्याच्या रोग्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे.

मोठ्या चाचण्यांचे आकडे हेच सांगतात. २०२१ साली ५९ रोग्यांत सायलोसायबिनची तुलना नेहमीच्या एसिटालोप्रामशी झाली. ज्या मुख्य मोजमापावर निकाल ठरवायचा होता, त्यावर दोहोंत निर्णायक फरक दिसला नाही. २०२२ साली २३३ रोग्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीन आठवड्यांनी पूर्ण मात्रेच्या गटात सुमारे ३७ टक्के रोग्यांना स्पष्ट गुण होता, बाराव्या आठवड्यापर्यंत तो टिकला सुमारे २० टक्क्यांत. त्याच गटात, गुण न आलेल्यांपैकी तिघांच्या बाबतीत पुढे आत्मघाताच्या दिशेने जाणाऱ्या कृतींची नोंद झाली. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना हे औषध लिहून देण्याची मुभा दिली आहे, तेव्हा ही काही निरर्थक गोष्ट नव्हे. पण शंभरांतल्या ज्या ऐंशी जणांना बारा आठवड्यांनंतर टिकाऊ गुण नव्हता, त्यांनीही डोळ्यांवर पट्टी बांधून ते पाच-सहा तास काढले होते. त्यांनाही काही दिसले असेल. त्यांची कथने कुठे आहेत? ज्याच्या घरात दिवा लागला आणि तीन महिन्यांनी पुन्हा गेला, त्याला आता काळोख पूर्वीपेक्षा गडद वाटतो की सुसह्य? हा प्रश्न विचारणारा निबंध आम्हांला वीस 'जुळलो' वाल्या निबंधांपेक्षा अधिक वाचावासा वाटेल.

अनुभवानंतरच्या दिवसांचे लेखन कसे असावे, याचा नमुना शोधायला मराठी वाचकाने दूर जाण्याची गरज नाही. सतराव्या शतकातल्या बहिणाबाई शिऊरकरांचे आत्मनिवेदनपर अभंग पाहावेत. कोल्हापुरात त्यांचे लाडके वासरू मेले, त्या शोकात त्या भान हरपून पडल्या, आणि त्या अवस्थेत स्वप्नात तुकोबांनी त्यांना अनुग्रह दिला. आजच्या साच्यात ही कथा इथे संपली असती. बहिणाबाई ती तिथे संपवत नाहीत. स्वप्नाची वार्ता फुटल्यावर लोक पाहायला येऊ लागले आणि पतीचा संताप वाढला; वेदपाठी ब्राह्मणाच्या बायकोने शूद्र गुरू करावा हे त्याला सोसेना; तो घर सोडून जायला निघाला. मग त्याचे आजारपण, मग देहूचा प्रवास, तिथला मंबाजीचा छळ. अनुभव अढळ आहे, त्याविषयी तिळमात्र शंका नाही, आणि तरी घरातली भांडी, मार, बदनामी आणि भीती त्या अनुभवाने पुसली गेली नाहीत. दोन्ही एकाच आवाजात, एकाच संथ चालीत सांगितले आहे. लंडनच्या निबंधात एका रोग्याच्या बोलण्याचे दोन-तीन वाक्यांचे तुकडे मिळतात, तेही विषयवार लावलेले. माणूस सलग असा कुठेच भेटत नाही. निबंधकर्त्यांना दोष देण्यासाठी आम्ही हे म्हणत नाही; त्यांच्या शास्त्राची रीतच ती आहे. पण त्या रीतीत बहिणाबाई सापडल्या असत्या का, असे वाटून गेले.

रोग्याच्या वतीने दुसऱ्यानेच लिहिण्याचा याहून वाईट प्रकार आपल्या या प्रदेशाने पाहिला आहे. १८९३-९४ साली ब्रिटिश सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला होता. मध्य प्रांतही त्याच्या कक्षेत होता, कारण निमाडातल्या खंडव्याचा गांजा प्रसिद्ध. वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्यांत वेडाचे कारण म्हणून गांजाचे नाव वारंवार येत असे, आणि गांजाने माणूस वेडा होतो हे त्यावरून सिद्ध मानले जाई. आयोगाने १८९२ सालची प्रकरणे एकेक करून तपासली तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी त्या नोंदीला आधार मिळाला नाही. रोग्याला आणणाऱ्या पोलिसाने कागदावर कारणाचा रकाना रिकामा राहू नये म्हणून गांजा लिहिलेला, आणि इस्पितळाने तो तसाच उतरवून घेतलेला. आयोगाच्या अहवालाचे सात खंड आहेत. त्यात कलेक्टर, डॉक्टर, मिशनरी, जमीनदार अशा शेकडो जणांच्या साक्षी आहेत. ज्याला वेड लागले होते त्याची साक्ष त्यात शोधून काढावी लागते.

गांजाचा हा रकाना मराठी मनातून अजून गेलेला नाही. आपल्याकडे पदार्थाच्या फळ्या दोनच, औषध आणि नशा. शिवरात्रीची भांग या दोहोंच्या मधल्या खिडकीत ठेवलेली. अनिल अवचटांच्या 'गर्द'ने त्या पदार्थाच्या विळख्यातील मुलांचे आणि त्यांच्या आयांचे बोलणे मराठीत आणले, आणि १९८६ साली पुण्यात अनिल व डॉ. सुनंदा अवचटांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने 'मुक्तांगण' उभे केले. त्या लेखनाचे ऋण मोठे आहे. पण त्यामुळेच 'अंमली' हा शब्द आपल्या कानाला एकाच अर्थाने ऐकू येतो, आणि एखाद्या अंमली द्रव्याने रोगी बरा होत असल्याची कथा आली की आपण एक तर कानांवर हात ठेवतो, नाही तर पश्चिमेने मानले म्हणून एकदम माना डोलावतो. दोन्हींत रोग्याचे ऐकणे राहून जाते.

केटामिनचे उदाहरण घ्या. ते सायलोसायबिनच्या जातीचे द्रव्य नव्हे, पण भानपालट तेही घडवते. भूल देण्याचे हे औषध आपल्याकडच्या लहान गावांच्या दवाखान्यांत कित्येक वर्षे वापरात आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येताना 'मी वर छताशी होतो आणि खाली माझे शरीर दिसत होते' अशा प्रकारचे बोलणे घरच्यांनी ऐकून हसण्यावारी नेलेले आहे. २००० सालापासून तेच केटामिन सूक्ष्म मात्रेत नैराश्यावर तपासले जाऊ लागले. २०१९ मध्ये अमेरिकेने त्याच्या एका रूपाला, नाकात मारण्याच्या फवाऱ्याला, मान्यता दिली. भारतातही काही मनोविकारतज्ज्ञ केटामिन वापरतात. गंमत अशी, की शरीरापासून वेगळे झाल्याचा तो अनुभव केटामिनच्या कागदांवर बहुधा 'दुष्परिणाम' या सदरात नोंदला जातो आणि त्याच तऱ्हेचा अनुभव सायलोसायबिनच्या कागदांवर गुण येण्याचे चिन्ह म्हणून. रोग्याचे वाक्य तेच, फक्त रकाना बदलला.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या चित्रपटाला २०१६चे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, तेव्हा आपल्याकडेही काही घरी तो पाहिला गेला. त्यात कसलेही चमत्कारी औषध नाही. जीव द्यायला निघालेल्या तरुणाला जानकी नावाची बाई घरी आणते आणि त्याला काही विचारत नाही. तो बोलेपर्यंत थांबते. कोकणच्या किनाऱ्यावरची कासवीणही अंडी घालायला आपल्या वेळेनेच येते. काहींना हा चित्रपट संथ वाटला. आम्हांला त्याचा संथपणा हाच त्यातला वैद्यकीय भाग वाटला, आणि निर्माते डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत हे ध्यानी घेतले तर तसे वाटणे चुकीचे नसावे. लंडनच्या त्या खोलीतले दोन सोबतीही सहा तास बहुतांशी गप्प बसतात. औषधाचा वाटा किती आणि त्या गप्प बसण्याचा किती, हे अजून कोणी नीट वेगळे करून दाखवलेले नाही.

मनात आले, की आपल्यातला एखादा रोगी त्या पलंगावर असता तर त्याच्या कानांत कोणते संगीत घातले असते? त्या प्रयोगांची गाणी तिकडच्या सोबत्यांनी निवडलेली, तिकडच्या कानांसाठी. भीमसेनांच्या अभंगाने आपल्या रोग्याला वडील आठवले असते, आषाढीची पहाट आठवली असती, कदाचित धाकही आठवला असता. अनुभव त्या दिशेने गेला असता.

आणि नंतर तो ते कोणत्या भाषेत सांगणार होता? २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता. देशात दर वीस माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने गाठलेले आणि त्यांतल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत कसलाच उपचार पोहोचलेला नाही, असे त्यात दिसले. त्या सर्वेक्षणाचे प्रश्न आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी विचारले तर अर्थातच हिंदीत विचारले जाणार. १९५६ साली नागपूर एका राज्यात गेले आणि बालाघाट दुसऱ्या, तेव्हापासून आपली घरे मराठीत जेवतात आणि हिंदीत आजारी पडतात. 'करमत नाही' याला हिंदी शब्द नाही. 'मन नहीं लगता' म्हटले तर ते कामात किंवा अभ्यासात लक्ष नसल्यासारखे ऐकू येते. 'उदासी' म्हटले तर त्यात कवितेचा वास येतो. करमत नाही म्हणजे जागा तीच, माणसे तीच, आणि तरी आपण तिथले नाही. लंडनच्या वीस रोग्यांनी 'तुटलेपण' म्हणून जे सांगायला मुलाखतीचे कित्येक तास घेतले, ते आपल्या आजीने दोन शब्दांत सांगितले असते.

आमच्या परिचयातील एका घरच्या सत्तरीच्या बाई, यजमान गेल्यावर दीड वर्ष आजारी होत्या. भूक नाही, झोप नाही, देवापाशी बसणे सुटलेले. इथल्या एका दवाखान्यात तीन वेळा दाखवले. त्यांनी दर वेळी सांगितले, 'जी घबराता है', आणि दर वेळी छातीचा आलेख काढून शक्तीच्या गोळ्या मिळाल्या. पुढे मुलाकडे नागपूरला गेल्या असता तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मराठीत विचारले, 'काय होतंय काकू?' त्या म्हणाल्या, 'काही होत नाही बाई. करमत नाही फक्त.' डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले आणि कधीपासून, असे विचारले. पुढचा पाऊण तास बाहेर बसलेल्या मुलाला आत बोलावले नाही. औषध साधेच मिळाले, नेहमीच्या गोळ्यांतले. उतार पडायला तीन महिने लागले आणि तोही पूर्ण नाही. सणावाराला अजून त्यांचे तोंड उतरते. केसपेपरवर काय लिहिले होते, हे मुलाने नंतर वाचून दाखवले. इंग्रजीत रोगाचे नाव होते, आणि त्याच्या खाली, अवतरणचिन्हांत, देवनागरीत, 'करमत नाही'.